सल्ला नको, सावली हवी

‘जरा दमानं घ्या, मोबाइल बाजूला ठेवा, झाडांमध्ये जाऊन बसा, मन ताळ्यावर येईल.’ हा सल्ला हल्ली इतक्या तोंडांनी दिला जातो की त्यावरून चक्क दोन तट पडले आहेत. एका तटावर जंगलात जाऊन पानांची सळसळ ऐकणारे आणि त्याची शिबिरं भरवणारे. दुसऱ्या तटावर त्यांची टर उडवणारे: हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत, पहाटेची गाडी पकडून दोन ठिकाणी राबणाऱ्याला ‘संथ जगा’ म्हणणं ही निव्वळ थट्टा आहे. भांडण जोरात आहे, पण मला ते पहिल्यापासून वाकड्या वाटेनं चाललेलं दिसतं. दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता मान्य करून बसल्या आहेत, की निवांतपणा आणि हिरवळ हा ज्याच्या त्याच्या आवडीचा, शिस्तीचा नि ऐपतीचा प्रश्न आहे. एक म्हणतो, सवय लावून घ्या; दुसरा म्हणतो, परवडत नाही. माझं म्हणणं असं की निसर्गात संथपणे घालवलेल्या वेळाचा फायदा खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच तो सल्ल्याच्या भरवशावर सोडून चालणार नाही. नळाचं पाणी, सांडपाण्याची गटारं, रस्त्यावरचे दिवे यांच्या रांगेत त्याची जागा आहे. ‘स्वच्छ पाणी प्या’ असं सांगून शहरांतली पटकी गेली नाही. नळ आणि गटारं टाकल्यावर गेली.

आधी पुराव्याचं पाहू, कारण उत्साही मंडळी सर्वांत जास्त तिथेच वाहवत जातात. जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नानाची कल्पना पुढे आणली. त्यानंतर जंगलात फिरल्यानं रक्तदाब उतरतो, ताणाची संप्रेरकं कमी होतात, प्रतिकारशक्ती वाढते असं सांगणारे अभ्यास येत राहिले. यातले बरेचसे लहान आहेत: मूठभर स्वयंसेवक, दोन-तीन दिवसांची भटकंती, लगेच मोजमाप. शिवाय औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते. झाडाखाली बसलेल्या माणसापासून तो झाडाखाली बसला आहे हे लपवायचं कसं? २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे आपली तब्येत चांगली असल्याचं आणि आपण समाधानी असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. झालं, ‘आठवड्याला दोन तास’ हा मंत्रच होऊन बसला. पण ते एका वेळचं चित्र होतं. गुडघे धड आणि मन थाऱ्यावर असलेला माणूसच मुळात जास्त बाहेर पडत असेल, ही शंका त्या आकड्यांनी पुरती मिटत नाही. संशय घेणाऱ्यांचं एवढं म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो.

मग विश्वास ठेवायचा कशावर? जिथे माणसानं हिरवळ निवडलेली नव्हती, ती आपसूक त्याच्या वाट्याला आली किंवा त्याच्याकडून हिरावली गेली, अशा उदाहरणांवर. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटासा निबंध लिहिला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे कागद त्यानं काढले. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. वय, लिंग, धूम्रपान, लठ्ठपणा असं सगळं जुळवून त्यानं २३ जोड्या लावल्या. झाडांकडचे रुग्ण सरासरीनं पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. मला त्यातल्या परिचारिकांच्या नोंदी जास्त बोलक्या वाटतात. ‘अस्वस्थ आहे, रडते आहे’, ‘खूप धीर द्यावा लागतो’ अशा अर्थाच्या नोंदी भिंतीकडच्या रुग्णाच्या कागदावर सरासरी जवळपास चार, झाडांकडच्याच्या कागदावर एकाहून थोड्याच जास्त. २३ जोड्या ही काही मोठी संख्या नव्हे. पण खोली रुग्णानं मागून घेतलेली नव्हती, आणि त्या ओळी खरडताना परिचारिकेच्या गावीही नव्हतं की पुढे कोणी खिडक्यांचा हिशेब मांडणार आहे.

उलट बाजूचं उदाहरण एका किडीनं दिलं. २००२ मध्ये अमेरिकेत एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला. तो ॲश जातीच्या झाडांची साल आतून पोखरतो. त्यानं साधारण १० कोटी झाडं मारली. रस्तेच्या रस्ते दोनचार वर्षांत उघडेबोडके झाले. २०१३ मध्ये १५ राज्यांमधल्या मृत्युनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कीड पोचलेल्या भागांत हृदयविकारानं १५,००० हून अधिक आणि श्वसनाच्या आजारांनी ६,००० हून अधिक जादा मृत्यू झाल्याचा त्यातला अंदाज आहे. हा संख्याशास्त्रातला संबंध आहे, खुनाचा पंचनामा नव्हे. पण ‘निरोगी लोकच हिरव्या वस्तीत राहायला जातात’ हा हुकमी आक्षेप इथे तोकडा पडतो. लोक जागचे हलले नव्हते, झाडं गेली होती.

आणि आता फिलाडेल्फिया, जिथे संशयवाद्यांना हवी असते तशी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी झाली. त्या शहरात घरं पाडून ओसाड पडलेले भूखंड हजारोंनी आहेत: फुटक्या बाटल्या, जुने टायर, कंबरभर तण. संशोधकांनी असे ५४१ भूखंड घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटात कचरा उचलून जमीन सपाट केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली, भोवती गुडघाभर उंचीचं लाकडी कुंपण घातलं आणि गवत नियमित कापत राहिले. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसऱ्याला हात लावला नाही. आसपास राहणाऱ्यांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. २०१८ मध्ये निकाल छापून आला: हिरव्या केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांमध्ये ‘खिन्न वाटतं’ असं सांगण्याचं प्रमाण तिसऱ्या गटाच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलं, गरीब वस्त्यांमध्ये त्याहूनही जास्त. नुसता कचरा उचललेल्या जागांजवळ असा ठळक फरक दिसला नाही. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, डॉक्टरांचं निदान नव्हे, हे खरंच. पण यात कोणालाही शिबिराला पाठवलेलं नव्हतं, श्वास मोजायला शिकवलेलं नव्हतं, पहाटे उठा म्हणून कानीकपाळी ओरडलेलं नव्हतं. माणसं तीच, त्यांच्या चिंताही त्याच. फक्त घराच्या दारातून दिसणारी जागा बदलली होती. सल्ला आणि सोय यांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसणार?

‘पण हा गुण झाडांचा की चालण्याचा, की नुसत्या शांततेचा?’ असाही एक आक्षेप असतो. अ‍ॅन आर्बर या अमेरिकन शहरातल्या संशोधकांनी २००८ मध्ये त्याला बऱ्यापैकी उत्तर दिलं. त्याच माणसांना एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा वाहत्या रस्त्यानं तेवढंच चालायला लावलं, परतल्यावर ऐकलेले आकडे उलट क्रमानं म्हणायला सांगितले. बागेतून आल्यावर ही कामगिरी सुधारली, रस्त्यावरून आल्यावर तशी सुधारली नाही. गंमत म्हणजे हाडं गोठवणाऱ्या थंडीत ज्यांना फिरणं मुळीच आवडलं नव्हतं, त्यांनाही फायदा झाला. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं याचं जे स्पष्टीकरण दिलं ते मला पटतं. कामाकडे लक्ष आपण ओढून लावतो आणि त्या ओढण्याचाच शीण येतो. रस्ता ओलांडताना, हॉर्न चुकवताना तेच लक्ष पुन्हा जुंपावं लागतं. हलत्या फांदीकडे मात्र ते आपणहून जातं, आपणहून परत येतं, आणि तेवढ्यात ओढणाऱ्याला उसंत मिळते. झाडाखालच्या बाकावर बसून पाहा: पहिली काही मिनिटं हात सारखा खिशाकडे जातो, काही वाजलेलं नसतानाही. मग केव्हातरी नजर खोडावरच्या एखाद्या मुंगळ्यामागे लागते आणि तो सालीच्या भेगेत दिसेनासा होईपर्यंत खिशाची आठवण होत नाही. यात गूढ काही नाही, अध्यात्म तर मुळीच नाही.

आता ‘भरल्या पोटाचे चोचले’ या आरोपाकडे येतो. तो करणाऱ्यांची कळकळ खरी आहे, इतिहास मात्र कच्चा आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले काहीशे तरुण, त्यातले बरेच कामगार आणि बेकार, किंडर स्काउट नावाच्या डोंगरपठारावर बंदी मोडून चढले. ती माळरानं उमरावांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. मंदीचा काळ, घरी खायचे वांधे, आणि ही पोरं तुरुंगात कशासाठी गेली? रविवारी डोंगरावर मोकळं चालता यावं म्हणून! त्या झगड्यातून पुढे राष्ट्रीय उद्यानांचा १९४९ चा कायदा झाला आणि १९५१ मध्ये त्याच भागात ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा मिळाला, रेल्वेची तिकिटं सवलतीत मिळू लागली, आणि कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिकिटांची ही सवलत आणणारा उपमंत्री लेओ लाग्रांज याची विरोधकांनी ‘आळसाचा मंत्री’ म्हणून हेटाळणी केली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, ती काय चोचल्यांसाठी? गरिबाला फक्त भाकरी कळते, आकाश कळत नाही, हे गृहीतक मुळात मालकांचं. आज ते गरिबांच्या बाजूनं बोलणाऱ्यांच्या तोंडी ऐकू यावं, हे मला जास्त खटकतं.

याहून कठीण आक्षेप वेगळा आहे, आणि तो फारसं कोणी नीट मांडत नाही. निसर्ग आणि संथपणा एवढे गुणकारी असतील, तर उभा जन्म शेतात काढणारा माणूस सुखी का नाही? शेतकऱ्यांमधलं आत्महत्यांचं प्रमाण अनेक देशांत चिंताजनक आहे. आणि नुसता वेळच हवा असेल, तर बेकार माणसासारखा भाग्यवान कोण? ऑस्ट्रियातल्या मारीन्थाल या गावाचा अभ्यास १९३३ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल यांनी प्रसिद्ध केला. गावातली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव रिकामं झालं. अभ्यासकांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या लोकांची चालण्याची गती मोजली. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत, अधूनमधून थांबत. बायकांच्या मागे घरकाम होतंच. वेळ भरपूर झाला आणि वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या उलट घटली. गावाला एक सुंदर बाग होती, एके काळी त्यांना तिचा अभिमान होता. आता प्रत्येकाकडे वेळ असूनही तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. वाटा तणानं बुजल्या होत्या. संथपणा होता, झाडं होती, आणि माणसं आतून विझत चालली होती.

हे उदाहरण सल्लागारांच्या तटाला निरुत्तर करतं, करायलाच हवं. पण ते माझ्या बाजूचं आहे. लादलेला रिकामा वेळ म्हणजे निवांतपणा नव्हे. उद्याची भाकरी निश्चित असेल, ठरल्या तासाला काम संपत असेल आणि त्यानंतरचा वेळ कोणाला जाब न देता आपला असेल, तरच झाडाखाली बसणं हे बसणं असतं. शेतकऱ्याला चारी दिशांना हिरवं दिसतं, पण त्या हिरव्याकडे तो पाऊस, भाव आणि कर्ज यांच्या हिशेबानं बघतो. तिथलं त्याचं लक्ष क्षणभरही मोकळं नसतं. पर्यटकाचा देखावा ही त्याची कामाची जागा आहे. गेलेल्या काळातलं ‘संथ, सुंदर, निसर्गाच्या कुशीतलं’ जगणं आळवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्या संथपणात वेठबिगारी होती, हिवतापही होता, आणि माणसं शहराकडे पळाली ती काही फसून नव्हे. मला तो काळ परत नको आहे. पगारी रजा, कामाचे बांधलेले तास आणि चालत जाण्याजोगी बाग, ही आधुनिक, शहरी आणि पूर्णपणे कृत्रिम व्यवस्था हवी आहे.

बागांच्या इतिहासालाही रक्ताचे डाग आहेत. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करताना १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या खोऱ्यातून मूळच्या लोकांना १८५१ मध्ये शस्त्राच्या जोरावर हुसकावलं होतं, मग ते ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून जपलं गेलं. हे झाकून निसर्गाची आरती ओवाळणं अप्रामाणिकपणाचं आहे. पण सेंट्रल पार्कचा एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यानंच १८६५ मध्ये योसेमिटीविषयीच्या अहवालात मांडलं होतं की अशा जागा नेहमी मूठभर श्रीमंतांनी बळकावल्या, ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज ते बाहेर राहिले, आणि ही दुरुस्ती करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. त्याच्या सहकाऱ्यांनी तो अहवाल दाबून ठेवला. छापला गेला तो थेट १९५२ मध्ये. आजही जुन्या वस्तीजवळ देखणी बाग झाली की भाडी वाढतात आणि जुने रहिवासी बाहेर फेकले जातात, हे अनेक शहरांत दिसलं आहे. म्हणून बागच नको? की एका ठिकाणी एक दिमाखदार बाग करण्याऐवजी फिलाडेल्फियासारखे शेकडो साधे तुकडे हिरवे करायचे आणि भाडेकरूंना कायद्याचं संरक्षण द्यायचं? हिरवळ सगळीकडे असेल तर तिची किंमत वाढवून विकणार कोण?

समर्थकांचा एक लाडका युक्तिवाद मात्र मला विरोधकांच्या टिंगलीपेक्षा जास्त घातक वाटतो: विश्रांती घ्या, म्हणजे काम चांगलं होईल. त्यात तथ्य नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत तास कमी करूनही उत्पादन टिकलं, काही ठिकाणी वाढलं, असं सरकारी समितीच्याच पाहणीत आढळलं. पण या तर्कानं गेलं तर ज्याच्या विश्रांतीतून कंपनीला काही मिळत नाही, तो म्हातारा, तो आजारी, ती घरकाम करणारी बाई यांना बागेचा हक्क उरतो का? आणि विश्रांती मालकाच्या सोयीची झाली की तास तेवढेच राहतात, वर जेवणाच्या सुटीत ध्यानधारणा येते.

औषधाच्या चिठ्ठीसारखा निसर्ग वाटण्याचं हेच आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरनं वाफेची इंजिनं आणि तारायंत्र यांच्या धकाधकीला दोष देत ‘मज्जादौर्बल्य’ नावाचा आजार रूढ केला. फिलाडेल्फियाच्याच सायलस वेअर मिचेल या नामवंत डॉक्टरनं त्यावर दोन उपचार काढले: पुरुषांना पश्चिमेकडच्या माळांवर घोडदौडीला पाठवायचं आणि बायकांना कित्येक आठवडे खाटेवर झोपवून लेखन-वाचन बंद करायचं. घोडदौड अर्थात ज्याला परवडेल त्याला. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचे डॉक्टर २०१८ पासून निसर्गभ्रमंतीची चिठ्ठी देतात, ते चांगलंच आहे. पण तिथे दारापासून किनारा आहे आणि बहुतेक जमिनीवर जबाबदारीनं चालण्याचा हक्क २००३ च्या कायद्यानं दिलेला आहे. चिठ्ठीमागे तो कायदा नसेल तर ती घेऊन रुग्णानं जायचं कुठे?

म्हणून वाद घालायचाच तर या गोष्टींवर घालावा. शहरी वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये एक साधा नियम सुचवला: प्रत्येक घरातून ३ मोठी झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के झाडांचं छत्र असावं आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. आकडे जरा गोळीबंद आहेत, वाळवंटातल्या शहराला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण ते मोजता येतात, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीचा जाब विचारता येतो. बाग असली तरी ती भर दुपारी आणि अंधार पडताच कुलूपबंद होते का, म्हणजे राबणाऱ्या माणसाला सुटी मिळते नेमकी तेव्हा? बाकांवर आडवं होता येऊ नये म्हणून मध्ये लोखंडी दांडे ठोकले आहेत का? एकट्या बाईला तिथे तासभर नुसतं बसता येतं का? रस्ता रुंद करताना तोडलेल्या जुन्या झाडाच्या बदल्यात शहराबाहेर लावलेली रोपं कोणत्या खिडकीतून दिसणार आहेत? झाडं लावण्याच्या समारंभाला पैसा आणि पाहुणे दोन्ही मिळतात. तिसऱ्या उन्हाळ्यातलं पाणी आणि माळ्याचा पगार अंदाजपत्रकात कुठे धरला आहे, हे शोधायला गेलं तर बहुधा त्या रकान्यात शून्य असतं.